‘पण्डक’ शब्द आणि पूर्वग्रहाची मुळे

समलिंगी व्यक्तींना भगवान बुद्धांनी संघाची दारे बंद केली होती, असे विधान आपल्या धम्मवर्गांतूनही अधूनमधून ऐकावयास मिळते. आधार म्हणून विनयपिटकातील ‘पण्डक’ हा शब्द पुढे केला जातो. एखादा मुलगा घरी आपले मन मोकळे करू पाहतो आणि अशाच आधारावर त्याला गप्प बसविले जाते, तेव्हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा उरत नाही. म्हणून मूळ ग्रंथ पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महावग्गाच्या महाखन्धकात ही कथा आहे. एक पण्डक प्रव्रजित झाला. त्याने तरुण भिक्षूंकडे व नंतर श्रामणेरांकडे कामयाचना केली. त्यांनी त्याला हाकलून लावले. अखेर माहूत आणि घोड्यांची निगा राखणारे यांनी त्याची इच्छा पुरविली. पुढे कुरकुर सुरू केली ती याच लोकांनी! हे शाक्यपुत्रीय श्रमण पण्डक आहेत, आणि जे तसे नाहीत तेही पण्डकांशी संग करतात, अशी त्यांची तक्रार होती. ती कानी आल्यावर पण्डकास उपसंपदा देऊ नये, असा नियम झाला.

नियम वगळण्याचाच आहे, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु त्याचे निमित्त लोकापवाद हे आहे. शिवाय निंदकांचे मन कसे चालते, हे संग्राहकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. स्वतःच्या कृतीची लाज दुसऱ्याच्या माथी मारावयाची आणि एकाच्या वर्तनावरून सगळ्या समूहाला डाग लावावयाचा. जातीचा जाच सोसलेल्या वाचकांस यातील दुसरी रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ‘पण्डक’ म्हणजे कोण? पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेली समन्तपासादिका ही अट्ठकथा पाच प्रकार सांगते: आसित्त, उसूय, ओपक्कमिक, पक्ख व नपुंसक. यांतील केवळ आसित्त हाच पुरुषाने पुरुषाशी केलेल्या कृतीवरून ठरतो. उसूय हा इतरांचा संग पाहून उत्पन्न होणाऱ्या असूयेवरून, ओपक्कमिक खच्चीकरणावरून, नपुंसक जन्मजात अभावावरून आणि पक्ख तर चांद्रमासाच्या पंधरवड्यावरून! यानंतर अट्ठकथाकार जे सांगतात ते सहसा कोणी उद्धृत करीत नाही. आसित्त व उसूय यांना प्रव्रज्या निषिद्ध नाही. ती उरलेल्या तिघांनाच आहे. म्हणजे ज्याच्याशी समलिंगी पुरुषाचे थोडेफार साम्य दाखविता येईल, त्यालाच परंपरेने दार उघडे ठेवले. ‘पण्डक’चा अनुवाद सरसकट ‘समलिंगी’ असा करणाऱ्यांनी ही ओळ वाचलेली नसावी.

उपासकांच्या बाबतीत तर पाली सुत्तांत असा निषेध आढळत नाही. सालेय्यक सुत्तात कामेसु मिच्छाचाराचे विवरण येते, ते आई, वडील, भाऊ आदींच्या रक्षणाखालील किंवा विवाहित स्त्रियांशी केलेल्या व्यभिचाराचे. ‘अयोग्य अंग, स्थान, काल’ ही बंधने वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यासारख्या पुढील ग्रंथांत दिसतात.

मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान या मनोव्यापाराची साखळी उलगडतात. वेदनेतून संज्ञा, संज्ञेतून वितर्क, वितर्कातून प्रपंच; आणि मग तो प्रपंचच माणसावर चाल करून येतो. आमच्या मते पूर्वग्रहाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. आधी किळस वाटते, मग नाव दिले जाते, आणि शेवटी समोरचा माणूस दिसेनासा होऊन नावच उरते.

भारतात या नावाला गुन्ह्याचे रूप इंग्रजी कायद्याने दिले. आठव्या हेन्रीच्या काळातील १५३३ च्या कायद्याचा वारसा मेकॉलेप्रणीत दंडसंहितेत उतरला; १८६० साली संमत झालेले कलम ३७७ हे १८६२ पासून लागू झाले. पिढ्यान्‌पिढ्या ते असल्याने लोक त्यालाच आपली संस्कृती मानू लागले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन एवढ्यावरूनच अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे त्या खटल्यानंतर ८४ वर्षांनी.