विद्यापीठात प्राध्यापक आले तेव्हा

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही आपल्याकडील पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. पण त्यांच्यात प्राध्यापकाची जागाच नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे काम होते. शिकवणे महाविद्यालयांकडे असे. संशोधन ज्याने त्याने आपल्या हौसेने करावे! सरकारी महाविद्यालयांत भारतीयांना पगारही इंग्रजांपेक्षा कमी मिळे. प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८५ साली रुजू झालेल्या जगदीशचंद्र बोस यांनी या भेदभावाच्या निषेधार्थ तीन वर्षे पगार घेतला नाही.

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची आणि प्राध्यापक नेमण्याची मुभा मिळाली. कलकत्त्याचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामवंत कायदेपंडितांनी १९१२-१३ मध्ये विद्यापीठाला लाखो रुपयांच्या देणग्या दिल्या. त्यातून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर भारतीयच नेमावेत, अशी त्यांची अट होती. १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली.

पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनासाठी मुखर्जींनी चंद्रशेखर वेंकट रामन यांना बोलावले. रामन तेव्हा सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या आधी व नंतर प्रयोग करीत. आधी परदेशी जाऊन प्रशिक्षण घेण्यास त्यांनी नकार दिला. विद्यापीठाने तो मान्य केला. अर्थखात्यापेक्षा बराच कमी पगार पत्करून १९१७ मध्ये ते रुजू झाले.

आम्हाला मात्र त्याहूनही बोलकी वाटते ती मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुण व्याख्यात्यांची गोष्ट. दोघांचेही शिक्षण गणिताचे. पदार्थविज्ञानाचे नवे विषय शिकवण्याची जबाबदारी आली, तेव्हा ते आधी स्वतः शिकले; त्यासाठी जर्मन पुस्तकेही वाचली. साहा उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र शिकवत. या दोहोंच्या मिलाफातून १९२० मध्ये त्यांचे आयनीभवनाचे समीकरण आले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांवरून त्यांचे तापमान सांगता येऊ लागले. बोस १९२१ मध्ये ढाक्याच्या नव्या विद्यापीठात रीडर झाले. प्लांकच्या नियमाची प्रचलित सिद्धता त्यांना वर्गात शिकवताना पटेना. त्यांनी १९२४ मध्ये स्वतःची सिद्धता मांडली. तीच पुढे बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी झाली. बोस यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, तरीही त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

आज विद्यापीठांच्या जाहिरातींत तासिका एका रकान्यात आणि शोधनिबंध दुसऱ्या रकान्यात मोजले जातात. तुमचा एखादा विद्यार्थी अशा जागेसाठी अर्ज करणार असेल, तर पगाराबरोबर आणखी एक चौकशी त्याला करायला सांगा: वर्गात पडलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा करायला तिथे वेळ मिळतो का?