अर्धा थेंब डिझेल : साताऱ्याचं इंजिन, परदेशी नोझल

जुन्या जीपांवरच्या भागानंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. गाडीला दुसरं इंजिन बसवायचंय, पहिल्याचे इंजेक्टर चांगले आहेत, ते नव्याला चालतील का?

सहसा नाही. कारण इंजेक्टर गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. त्यातही इंजिनात डिझेल जिथे पेटतं त्या पोकळीचा. हे समजायला आपल्याच भागाचा इतिहास बरा पडतो.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना टाकला, तीच आजची किर्लोस्करवाडी. १९२२ मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपरांनी कारखाना काढला. हे तेच कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते! (सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९४९ ला ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं.) दोघांची सुरुवात नांगरापासून. आणि १९३०च्या दशकात कूपरांच्या कारखान्यातून डिझेल इंजिन बाहेर पडलं.

म्हणजे ओतकाम इथलं, ब्लॉक इथला, फ्लायव्हील इथलं. नोझल मात्र बाहेरचं.

का? थोडा हिशोब करू. विहिरीवरचं किर्लोस्कर एव्ही-१ आठवा. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं, ५ एचपी, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक. मिनिटाला १५०० फेरे, फोर-स्ट्रोक, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा डिझेल उडणार, तासाला ४५ हजार वेळा. पूर्ण लोडवर तासाला लिटरभर किंवा थोडं जास्त डिझेल लागतं. भागून बघा, एका वेळचं डिझेल साधारण अर्धा थेंब! तेही सुमारे २०० बारच्या दाबाने, बरोबर वेळेला, आणि नंतर एक टिपूसही न गळता. त्यासाठी नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात फट ठेवायची दोन-चार मायक्रॉनची. नांगराचा फाळ ओतणाऱ्या भट्टीचं हे काम नव्हे. जर्मनीत बॉशलासुद्धा डिझेल पंपाचं नियमित उत्पादन सुरू करायला १९२७ उजाडलं. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळुरात मायको उभी राहिली, तेव्हा कुठे पंप-नोझल देशात बनायची सोय झाली. पुढे नाशिकलाही मायकोचा कारखाना आला.

आता वडापच्या जीपकडे येऊ, कारण खरी गडबड तिथेच होते. १९८०च्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन आलं. मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या आराखड्याचं होतं. दोन्हींत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं, मग आग पिस्टनवर येते. त्यांना पिंटल नोझल लागतं. एकच भोक, दाब साधारण ११५ ते १३५ बार. नंतर महिंद्राच्याच गाड्यांत डीआय इंजिनं आली. त्यांत डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत उडतं, एव्ही-१सारखं. त्यांचं नोझल अनेक बारीक भोकांचं, दाब २०० बारच्या आसपास किंवा वर.

कंपनी एक, गाडी दिसायला एक, म्हणून नोझलही एकच असेल असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. पिंटल डीआयमध्ये घातलं तर एकच धार पिस्टनवर एका जागी आपटते. काळा धूर निघतो आणि शेवटी पिस्टन जळतो. डीआयचं नोझल कोठडीत घातलं तर धारा भिंतीला लागतात, डिझेल हवेत नीट मिसळत नाही. नुसता दाब वाढवून-कमी करून हे सुटत नाही. ज्याचं पोट त्या एका जीपवर आहे, त्याचा सीझन यात जातो.

पेट्रोलवाल्यांनो, तुमची भानगड वेगळी. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. आनंद महिंद्रांनी ती बघितली आणि २०२२ च्या जानेवारीत लोहारांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनावर असं काही करता येतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ दुचाकीचं इंजिन काढलंत, तर त्याच्याबरोबर ईसीयू, सेन्सर, पंप, वायरिंग सगळं उचलावं लागतं.

तरी इंजेक्टर बदलायचाच असेल, तर आधी मल्टिमीटर लावा. १२ ते १६ ओहम दाखवणाऱ्याच्या जागी २-३ ओहमचा जोडलात तर ईसीयूचा ड्रायव्हर जळू शकतो. मग फ्लो बघा. ८० एचपीच्या चार सिलिंडर इंजिनाला दर इंजेक्टरमागे मिनिटाला साधारण १३० सीसी पुरतात. हा आकडा कोणत्या दाबावरचा, हे विक्रेत्याला विचाराच, कारण ३ बारचा ४ बार केला की तोच इंजेक्टर १५ टक्के जास्त पेट्रोल सोडतो.

आणि हो, आरटीओची परवानगी इंजिन उतरवायच्या आधी घ्यायची. लोहारांची गाडीसुद्धा नियमात बसत नाही, हे महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं.