चाक जुनं, पेटी जुनी. मग चाकाची बॅग इतकी उशिरा का?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतेय. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्यात.

आमच्या ऑफिसात दर काही महिन्यांनी कुणीतरी पहिल्यांदा ऑनसाइटला जातं आणि ग्रुपवर तोच प्रश्न येऊन पडतो: "बॅग कुठली घेऊ?" मग सल्ल्यांचा पाऊस. हार्ड घे, सॉफ्ट घे, चार चाकांची घे, कुकर नक्की ने, भाजणी विसरू नकोस. हे सगळं वाचता वाचता मला एक वेगळाच प्रश्न पडला. चाक माणसाला पाच हजारांहून जास्त वर्षं ठाऊक आहे. पेट्या आणि ट्रंकाही जुन्याच. पण चाकाची सुटकेस दुकानात नीट विकायला आली ती १९७० मध्ये. इतकं साधं फीचर, कुणाला सुचलंच नाही?

सुचलं होतं. त्याआधीही लोकांनी चाकं लावून पाहिली होती, काहींनी पेटंटही घेतली होती. पण बाजारात ती चालली नाहीत. याचं कारण, मला वाटतं, तंत्रज्ञानात नाही. सामान भरणारा एक आणि उचलणारा दुसरा, असा तो सगळा कारभार होता. आपण इंजिनिअर लोक हे रोज बघतो: सर्व्हरचं बिल दुसऱ्या टीमच्या खात्यात जात असेल, तर कोड ऑप्टिमाइझ करायला कुणी बसत नाही. सामानाचं तसंच झालं.

ट्रंकेचा जमाना

एकोणिसाव्या शतकात परदेशी जाणं म्हणजे बोटीने जाणं. आधीच्या ट्रंकांची झाकणं फुगीर असायची, म्हणजे बग्गीच्या टपावर ठेवली तरी पावसाचं पाणी ओघळून जाईल. पण फुगीर झाकणावर दुसरी ट्रंक रचता येत नाही. लुई व्हिताँने १८५४ मध्ये पॅरिसमध्ये दुकान काढलं आणि १८५८ मध्ये सपाट झाकणाची, कॅनव्हासने मढवलेली हलकी ट्रंक आणली. आज ज्या नावाची पर्स बघून आपण किमतीचे शून्य मोजतो, त्या नावाचा मोठा शोध म्हणजे "एकावर एक रचता येईल अशी पेटी".

मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींवर सामानाचे तीन भाग असत. केबिनमध्ये ठेवायची ती केबिन ट्रंक. बर्थखाली सरकावी म्हणून उंचीला बुटकी. वाटेत कधीतरी लागेल अशा सामानावर "वॉन्टेड ऑन व्हॉयेज" असं लेबल. आणि थेट मुक्कामालाच उघडायचं त्यावर "नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज". हे तळघरात जायचं. माझ्या डोक्यात लगेच रॅम, हार्ड डिस्क आणि बॅकअप आले. सारखं लागणारं जवळ, कधीतरी लागणारं थोडं लांब, बाकीचं खोल आत. पॅकिंगची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही.

पण या ट्रंका धक्क्यापासून बोटीपर्यंत नेणार कोण? हमाल. साहेबाने ट्रंकेत चांदीचे काटे-चमचे भरले काय आणि दगड भरले काय, साहेबाची पाठ दुखणार नव्हती.

गाठोडं घेऊन गेलेले

त्याच शतकात त्याच समुद्रावरून वेगळे प्रवासीही जात होते. १८३४ पासून करारावर मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं उतरली. त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसंही होती. मॉरिशसमधला मराठी समाज त्यांचाच वंश. आज तो घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

त्यांचं सामान म्हणजे एखादं गाठोडं. पॅकिंग लाइट म्हणायचं तर याहून लाइट काय असणार! पण ते निवडलेलं नव्हतं. मळेवाले ज्यांना "कुली" म्हणत, तीच ही माणसं. तोच शब्द पुढे आपल्या रेल्वे स्टेशनांवर लाल शर्टातल्या माणसाला चिकटला. कमी सामान न्यायचा सल्ला देताना मला हे लक्षात ठेवावंसं वाटतं. "काही लागलं तर तिकडे घेता येईल" असं म्हणता येणं हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे.

दोन प्रवास, १९१७ आणि १९३१

पहिला प्रवास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ते एका बोटीने आले आणि त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने निघाली. ती बोट जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली.

विचार करा. पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं. तेव्हा ना पीडीएफ, ना क्लाउड. इकडे येऊन करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही बाहेर काढलं गेलं. समुद्राने पुस्तकं नेली आणि उरलेलं सामान टेकवायला शहराने खोली दिली नाही. पुढे त्यांनी दादरला राजगृह बांधलं, तेव्हा पुस्तकांना जागा हवी हा त्या घरामागचा मोठा विचार होता. सगळ्यांनाच हलकं होण्याची हौस नसते. काहींना आयुष्यभर हवी असते ती आपलं ओझं ठेवायची हक्काची जागा.

दुसरा प्रवास गांधीजींचा. २९ ऑगस्ट १९३१ ला ते दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून "राजपुताना" बोटीने निघाले. लंडनच्या थंडीच्या काळजीने हितचिंतकांनी सोबतच्या मंडळींना भरपूर सामान बांधून दिलं होतं. बोटीवर गांधीजींनी चौकशी केली आणि चांगलेच चिडले. गरिबांच्या वतीने बोलायला निघालेल्यांकडे एवढ्या ट्रंका कशाला? महादेवभाई देसाईंनी लिहून ठेवलंय की सात सुटकेस-ट्रंका एडनहून परत पाठवाव्या लागल्या. म्हणजे काउंटरवर बॅग उघडून जास्तीचं सामान काढायची वेळ महादेवभाईंवरही आली होती; फक्त काउंटरवर बापू होते.

विमान आलं, वजन आलं

ट्रंकेपेक्षा सुटकेस लहान. नावाप्रमाणेच सुरुवातीला ती सूट न्यायची पेटी. एका हाताला पेलेल एवढी. रेल्वे आणि मोटारींच्या काळात ती वाढली. आपल्याकडे मात्र पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या ही त्रिमूर्ती बरीच वर्षं टिकून होती.

८ जून १९४८ ला "मलबार प्रिन्सेस" नावाचं एअर इंडिया इंटरनॅशनलचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. विमानात बोटीचं गणित चालत नाही. प्रत्येक किलोला इंधन लागतं. त्यामुळे सामान तराजूवर चढलं. साध्या वर्गाला २० किलो, वरच्या वर्गाला ३० किलो हे आकडे नंतर अनेक दशकं आपल्या लोकांना पाठ होते. सामानाचा खर्च थेट प्रवाशाच्या खिशाशी जोडला गेला. तरीही बॅगेला चाकं नव्हतीच, कारण विमानतळावर हमाल होते.

पुढे विमानं मोठी झाली, विमानतळ लांबलचक झाले, प्रवासी वाढले आणि हमाल मिळेनासे झाले. १९७० मध्ये बर्नार्ड सॅडो नावाचे अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह अरूबा बेटावरून सुट्टी संपवून परतत होते. दोन जड सुटकेस हातात. कस्टम्सच्या रांगेत त्यांना दिसलं की एक कामगार चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र आरामात ढकलत नेतोय. सॅडो सुटकेस बनवणाऱ्या कंपनीत उपाध्यक्षच होते. त्यांनी कपाटासारख्या उघडणाऱ्या मोठ्या ट्रंकेची चाकं काढली, सुटकेसला लावली आणि पुढे पट्टा बांधून ओढून बघितली. चालली!

जरा थांबा इथे. चाकं ट्रंकेला आधीपासून होती. ट्रंक हॉटेलच्या खोलीत इकडून तिकडे सरकवायला चाकं, आणि जी माणूस हातात घेऊन चालतो त्या सुटकेसला नाहीत!

सॅडो ती बॅग घेऊन न्यूयॉर्कच्या दुकानांत फिरले. बहुतेकांनी नकार दिला. पुरुषांना बॅग ओढत नेणं कमीपणाचं वाटेल, ही अडचण होती, असं त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलं. बायका एकट्याने प्रवास करणार नाहीत आणि केला तर बॅग उचलायला कुणी पुरुष सोबत असेलच, हे त्यात गृहीत धरलेलं. मी एकटीने प्रवास करणारी मुलगी. मला हे वाचून हसू आलं आणि थोडा रागही. शेवटी मेसीज या दुकानाने माल घेतला. १९७२ मध्ये पेटंट मिळालं.

पण ती बॅग आडवी होती आणि पट्ट्याने ओढताना कलंडायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, दोन चाकं लावली आणि वर ओढता येणारा दांडा बसवला. आधी ती विमानातल्या कर्मचाऱ्यांना विकली. टर्मिनलमधून ऐटीत बॅग ओढत जाणारे वैमानिक आणि हवाई सुंदरी बघून प्रवाशांनाही तीच हवी झाली. पुरुषांचा कमीपणा कुठल्या कुठे गेला.

मग ओझं गेलं कुठे?

चाकांनी ओझं गेलं नाही, ते वाटलं गेलं. स्टेशनवरच्या हमालांना विचारा. चाकाच्या बॅगा आणि सरकते जिने आले तसं काम घटलं, असं ते सांगतात. २००८ च्या रेल्वे बजेटमध्ये त्यांना गँगमनच्या नोकरीची वाट खुली केली गेली, २०१६ मध्ये "कुली"चं "सहायक" झालं. नाव चांगलं झालं, पण बॅग मात्र आपणच ओढत पुढे गेलो.

आणि विमानतळावर चेक-इन केल्यावर बॅग पट्ट्यावरून आत जाते, तेव्हा तिथे अजूनही माणूसच असतो. छोट्या विमानांच्या पोटात उभं राहायला जागा नसते. लोडर गुडघ्यांवर बसून बॅगा रचतात. एका बॅगेला ३२ किलोची वरची मर्यादा असते ती यासाठीच. जास्त पैसे भरले तरी त्यापुढची बॅग सहसा घेत नाहीत, दोन बॅगा करा म्हणतात. २३ किलोच्या वर गेलात की "हेवी"चा टॅग लागतो, तो त्या माणसासाठी असतो. चाकं आपल्यासाठी आहेत. त्याला तर उचलावंच लागतं.

आता बॅग कुठली घ्यायची?

हा इतिहास वाचल्यावर माझे नियम सोपे झालेत.

एक, दुकानात आधी रिकाम्या बॅगेचं वजन विचारा. आपल्याकडे केबिनची मर्यादा साधारण ७ किलो असते. बॅगच ३ किलोची असेल, तर ४० टक्क्यांहून जास्त कोटा काही भरायच्या आधीच संपला.

दोन, चार चाकं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी. जायचंय तिथे दगडी रस्ते असतील, तर मोठी दोन चाकं बरी. आणि चार चाकांची बॅग धावत्या ट्रेनमध्ये आपल्याआधी फिरायला निघते.

तीन, बोटीवरची तीन लेबलं आठवा. पासपोर्ट, औषधं, सर्टिफिकेटं, लॅपटॉप आपल्याजवळ. हरवलं तर परत मिळणार नाही ते दुसऱ्या बोटीने पाठवू नका. पॉवर बँक तर नियमानेच केबिनमध्ये हवी. साधारण २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते.

चार, कुणाच्या आईने लाडू दिले असतील तर ते न्याच. हलकं पॅकिंग म्हणजे कोरडेपणा नाही. कुकरबद्दल मात्र पुन्हा विचार करा.

आणि शेवटची चाचणी. भरलेली बॅग हातात उचलून, चाकं न वापरता, बिल्डिंगचे तीन मजले चढून बघा. युरोपातल्या कितीतरी जुन्या इमारतींना आणि मेट्रो स्टेशनांना लिफ्ट नाही. दम लागून दुसऱ्या मजल्यावर बसलात, तर तिथेच बॅग उघडा आणि काढायला सुरुवात करा. जे आपल्याला उचलवत नाही ते त्या गुडघ्यांवर बसलेल्या लोडरने का उचलावं?

तुमच्या घरात जुनी ट्रंक किंवा वळकटी अजून असेल, तर तिची गोष्ट व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटूच!