धुतलेली नोट यूव्ही दिव्याखाली निळी का दिसते? सुरक्षा शाई नेमकी कशी चालते

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा काकांनी ५०० ची एक नोट माझ्या हातात दिली. तेंदूपत्त्याच्या मजुरीतली. नोट सदऱ्याच्या खिशात राहिली, सदरा साबणाच्या पावडरीत भिजला आणि नोटही धुऊन निघाली. आठवडी बाजारातल्या एका दुकानदाराने ती निळ्या दिव्याखाली धरली, तर अख्खी नोट ट्यूबलाइटसारखी चमकली. "खोटी आहे, घेत नाही," म्हणाला. पहाटेपासून जंगलात फिरून कमावलेले पैसे. काका म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, सांग बरं आता."

मी सॉफ्टवेअरवाला, शाईतलं मला काय कळतं? पण बॅगेत ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च होता. तो मी विंचू बघायला घेतला होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडे रात्री असा टॉर्च घेऊन बाहेर पडा, दगडाखालचा विंचू हिरवट-निळा चमकताना दिसेल. विंचवाची कातडी आणि नोटेवरची शाई, दोन्हींमागचं विज्ञान एकच आहे: फ्लूरोसन्स. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पदार्थ शोषून घेतो, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. हे नाव १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी फ्लोरस्पार या खनिजावरून दिलं.

आता नोट. आपल्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो आणि यूव्हीखाली तो मुद्दाम मंद, काळपट दिसेल असा बनवलेला असतो. चमकायला हवेत ते नंबर आणि कागदात विखुरलेले बारीक रंगीत तंतू. साध्या झेरॉक्स कागदात मात्र पांढरेपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर घातलेलं असतं, म्हणून त्यावर छापलेली बनावट नोट सगळीच निळी चमकते. दुकानदार हेच बघतो. त्याचं चूक नाही, पण अर्धंच बरोबर आहे. कारण तेच ब्राइटनर कपडे धुण्याच्या पावडरीतही असतं आणि कापसाला घट्ट चिकटतं. सदरा कापसाचा, नोटही कापसाची. खरी नोट धुतली की तीही निळी चमकू लागते!

मग शाईत काय विशेष? साधी शाई वाळते म्हणजे तिच्यातला द्रव उडून जातो, कागदात मुरतो किंवा हवेतल्या ऑक्सिजनने ती घट्ट होते. यूव्हीने सुकणारी शाई वाळत नाही, ती घट्ट 'जमते'. तिच्यात मोनोमर, थोडे लांब रेणू आणि फोटोइनिशिएटर नावाचं रसायन असतं. यूव्ही दिवा पडला की फोटोइनिशिएटर तुटतो, त्यातून मुक्त मूलकं निघतात आणि मोनोमर एकमेकांना जोडले जाऊन सेकंदाच्या आत प्लास्टिकसारखा पातळ थर तयार होतो. स्टिकर, लेबल, प्रमाणपत्रं वेगाने छापायला ही शाई सोयीची.

खरी डोकेदुखी पुढे आहे. या शाईत चमकणारा रंग मिसळला, की तोही यूव्हीच खातो. म्हणजे शाई जमवायला जो प्रकाश हवा, तोच रंगद्रव्य गिळून टाकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन थ्रेड एकाच लॉकसाठी भांडतात. रंग जास्त घातला की थराचा तळ कच्चा राहतो आणि शाई खरवडली जाते. वर, रंगाचे रेणू फार जवळ आले की एकमेकांची चमक विझवतात, म्हणजे दुप्पट रंग घालून दुप्पट उजेड मिळत नाही. मुक्त मूलकं नाजूक सेंद्रिय रंगावर हल्ला करतात, ते वेगळंच. पृष्ठभागाशी हवेतला ऑक्सिजन मूलकं पकडतो आणि शाई चिकट राहते.

यावर उपाय म्हणजे वाटणी करणं. रंग ज्या तरंगलांबीला कमी शोषतो, तिथे काम करणारा फोटोइनिशिएटर निवडायचा. उदाहरणार्थ, ३८५ ते ४०५ नॅनोमीटरच्या एलईडीने शाई जमवायची आणि तपासणीची चमक ३६५ ला बघायची. किंवा युरोपियम, टर्बियमसारख्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर आधारलेली खनिज रंगद्रव्यं वापरायची. ती टिकाऊ असतात, पण त्यांचे कण जड, तळाशी बसतात, आणि फार बारीक दळले तर चमक कमी होते. काही मिळवायला काही सोडावंच लागतं.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पूर्वी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. नाशिक रोडच्या सुरक्षा छापखान्यात १९२५ पासून छपाई सुरू झाली आणि १९२८ पासून तिथे नोटाही छापल्या जातात. सुरक्षा शाई मध्य प्रदेशातल्या देवासला बनते. म्हैसूरलाही २०२२ मध्ये 'वर्णिका' हा शाईचा कारखाना सुरू झाला.

घरी करून बघायचं असेल तर चेकबुक काढा. सीटीएस-२०१० मानकाच्या चेकवर बँकेचा लोगो अदृश्य यूव्ही शाईत छापलेला असतो. टॉर्च मारा, दिसेल. टॉर्च डोळ्यांत मात्र मारू नका. आणि फोनच्या फ्लॅशवर निळा-जांभळा मार्कर फासायच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. फ्लॅशमध्ये निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर असतो, यूव्ही नसतंच. मार्कर फासून ते कुठून येणार? रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲपही, जे जानेवारी २०२० मध्ये आलं, दृष्टिहीनांना नोट कितीची ते सांगतं. खरी की खोटी ते सांगत नाही.

काकांची नोट मी आधी टॉर्चखालीच पाहिली. निळ्या झळाळीतही नंबर वेगळा चमकत होता. मग टॉर्च बंद करून बाकीच्या खुणा पाहिल्या: उजेडात धरल्यावर गांधीजींचं जलचिन्ह, तिरकी केल्यावर हिरव्याची निळी होणारी तार, दोन्ही कडांना बोटाला लागणाऱ्या पाच उठावदार रेघा, डावीकडून उजवीकडे मोठे होत जाणारे आकडे. सगळं जागेवर. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. जाताना काका थोडे घाबरलेले होते, कारण नोट बनावट ठरली तर बँक ती जप्त करते, पावती देते आणि पैसे मिळत नाहीत. कॅशिअरने नोट बोटांत चोळली, उजेडात धरली आणि खराब नोट म्हणून बदलून दिली.

टॉर्च मात्र काकांनी ठेवून घेतला. पावसाळ्यात अंगणात विंचू फार निघतात म्हणाले.