साठवणीतील यंत्रांचे गंजसंरक्षण

कारखान्यात ऐनवेळी बदलता यावेत म्हणून राखून ठेवलेले पंप, मोटारी, गिअरबॉक्स, बेअरिंग वर्षानुवर्षे पडून असताना गंजू नयेत यासाठी करावयाची तजवीज.

पोलाद गंजायला त्यावर पाऊसच पडायला हवा असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांपुढे गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांच्या 1920–30 च्या दशकांतील प्रयोगांतून पुढे आले. पृष्ठभागावर मीठ असेल, मग ते खाऱ्या वाऱ्याचे असो वा हाताळणाऱ्याच्या घामाचे, तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते. कोकणातील महाड, रोहा, लोटे येथे पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते. तापमान 30° से. आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर सुमारे 26° से.ला दव धरते; रात्री गार पडलेल्या बिडाच्या पंपाला सकाळी आतूनबाहेरून पाझर फुटतो. नुसती ताडपत्री ही ओल कोंडून ठेवते. त्यामुळे यंत्राची तोंडे बंद करून, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून, आतली हवा कोरडी राखणे हे रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने राखीव जहाजांचे अंतर्भाग याच तत्त्वावर, हवेतील दमटपणा काढून टिकवले.

यंत्रण केलेल्या उघड्या भागांवर गंजरोधक तेल किंवा मेणाचा थर देतात. लहान भाग बाष्परूपी गंजरोधक असलेल्या कागदात गुंडाळतात. असा कागद तांबे-पितळेला चालतो का, हे मात्र आधी पाहावे लागते. मोटारीतील हीटर चालू ठेवून वेटोळे भोवतालापेक्षा काही अंश गरम राखतात. गिअरबॉक्स तेलाने काठोकाठ भरतात.

बेअरिंगचे दुखणे निराळे. शेजारच्या चालू यंत्राची थरथर थांबलेल्या शाफ्टपर्यंत पोहोचते, गोळे एकाच जागी घासत राहतात, मधले ग्रीस निघून जाते आणि गोळ्यांच्याच अंतरावर तांबूस भुकटीचे खड्डे पडतात. म्हणून शाफ्ट दरमहा काही फेरे फिरवून आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी थांबवतात. त्यासाठी शाफ्टच्या टोकावर खडूची खूण आणि सोबत तारखांचे कार्ड हवेच. ज्या स्टोअरमध्ये हे काम नेमून दिलेला माणूस नसतो, तिथे ते होत नाही.

यंत्र बसवण्याआधी सिलिका जेलच्या पिशव्या काढतात, जादा तेल उतरवतात आणि मोटारीच्या विद्युतरोधनाचा (इन्सुलेशनचा) रोध मेगर या उपकरणाने मोजतात.