इंडोबॅट्राकस

मुंबईच्या अंतरा-ट्रॅपी थरांत सापडलेल्या जीवाश्म बेडकांची प्रजाती. दख्खनच्या ज्वालामुखीतून लाव्हाचा एक लोट येऊन गेला की दुसरा येईपर्यंत कधी कधी मोठा काळ जाई. मधल्या काळात तळी साचत, तळाशी गाळ बसे आणि पुढचा लोट तो झाकून टाकी. हेच अंतरा-ट्रॅपी थर. त्यांतलाच काळपट, पापुद्र्यांनी सुटणारा शेल खडक वरळीला उघडा पडला. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांना ‘राना पुसिला’ हे नाव दिले. पुसिला म्हणजे लॅटिनमध्ये इवलासा. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. पुढे १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी या बेडकाला ‘राना’ प्रजातीतून काढून इंडोबॅट्राकस ही स्वतंत्र प्रजाती केली. १९४० मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक चिपळूणकर यांनी वरळीच्याच बेडकांतून दुसरी जाती वर्णिली.

उपनगरातील महत्त्वाचे ठिकाण अंधेरीजवळचे आंबोली. तेथील टेकडीतल्या बेडकांची नोंद १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. आंबोलीच्या खाणीतून कासवही मिळाले आहे. जवळच्या गिल्बर्ट हिलच्या बेसाल्टचे वय सुमारे ६ कोटी वर्षे भरते, म्हणजे मुंबईच्या या भागातील लाव्हा डायनोसॉर संपल्यानंतरचा.

इतका जुना असूनही सांगाड्याच्या दृष्टीने इंडोबॅट्राकस पुरता ‘आजचा’ आहे, आणि त्याचे खरे मोल यातच आहे. मादागास्करचा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा ट्रायाडोबॅट्राकस पाहावा: कमरेच्या वर १४ मणके, बरगड्या, आखूड शेपूट, आणि पायाच्या नडगीतली दोन हाडे सुटी. उडी मारणाऱ्या प्राण्याला लांब, लवचिक पाठ नडते. म्हणून मणके घटत नवाच्या आत आले, शेपटीचे मणके जुळून एकच दांडा झाला, कमरेची हाडे पुढे लांबली, नडगीची हाडे एकजीव झाली आणि घोट्याची दोन हाडे ताणली जाऊन पायाला आणखी एक सांधा मिळाल्यासारखे झाले. ॲरिझोनाचा प्रोसॅलिरस सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच उड्या मारू लागला होता. मुंबईच्या तळ्यातल्या गाळात हा बेडूक गाडला गेला तेव्हा हा आराखडा कधीच पक्का झाला होता. त्यानंतर त्यात मोठी उलथापालथ झालेली नाही.

इंडोबॅट्राकसचे नाते अनेक अभ्यासकांनी ऑस्ट्रेलियातील मायोबॅट्राकिडी कुळाशी जोडले आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तुकडे असल्याने हे नाते विशेष ठरते.

अंधेरी-जोगेश्वरीत आता असा थर दिसण्याची शक्यता इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातच अधिक. दोन काळ्या कातळांमध्ये पानांसारखा सुटणारा दगड लागला, तर डंपर भरण्याआधी त्याचे चार पापुद्रे उलगडून पाहावेत.