अभावाचे दृश्यरूप : हार्डकोअर पंक, म्युझिक व्हिडिओ आणि माथेरानचा रस्ता

हार्डकोअर पंकचा इतिहास बहुधा आवाजाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गती वाढली, गाणे दीड-दोन मिनिटांवर आले, गायनाची जागा आरोळीने घेतली, असा तो क्रम. तो चुकीचा नाही. परंतु या संगीताने मागे जे ठेवले त्यात आवाजाइतकाच, किंबहुना त्याहून टिकाऊ वाटा एका दृश्य चिन्हव्यवस्थेचा आहे. हार्डकोअरचे एकही गाणे न ऐकलेली मुलेही आपल्या बंडखोर गाण्याचा व्हिडिओ योजायला बसतात, तेव्हा तिची प्रतिमा त्यांच्या कागदावर आधीच येऊन बसलेली असते: कृष्णधवल चित्र, हातात धरलेला हलता कॅमेरा, बुटके छत, उघड्या विटांची भिंत, गायकाच्या अंगावर कोसळणारी गर्दी. प्रस्तुत लेखात या प्रतिमेची उत्पत्ती, मुंबईत झालेले तिचे रूपांतर आणि व्हिडिओच्या नियोजनात ती निर्माण करीत असलेली एक अडचण यांचा विचार करावयाचा आहे. ही अडचण तपासून पाहण्यासाठी कर्जत तालुक्यातील माथेरान हे स्थळ घेतले आहे. त्याचे कारण यथावकाश येईल.

१९८०च्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या दोन ठिकाणी हार्डकोअरला स्वतःची ओळख मिळाली. ब्लॅक फ्लॅग, बॅड ब्रेन्स, मायनर थ्रेट ही तिची अग्रगण्य नावे. (यांपैकी बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय वादकांचा गट होता, गोऱ्या मुलांचे संगीत अशी हार्डकोअरची जी प्रतिमा रूढ झाली, तिने सर्वांत आधी यांनाच चौकटीबाहेर ढकलले.) या संगीताच्या दृश्यरूपात जे जे ‘शैली’ म्हणून ओळखले जाते ते जवळजवळ सर्व अभावातून आलेले आहे. छपाईला पैसे नाहीत म्हणून झेरॉक्स. झेरॉक्समध्ये करड्या छटा टिकत नाहीत म्हणून काळ्या-पांढऱ्याचा तीव्र विरोध. रेमंड पेटिबॉनने ब्लॅक फ्लॅगसाठी काढलेल्या चार काळ्या पट्ट्या कोणत्याही भिंतीवर क्षणात रंगवता येतात, आणि हाच तिचा सौंदर्यगुण ठरला. हाताच्या पंजामागे काढलेली फुली हे तर मुळात बंडाचे चिन्हही नव्हते. अल्पवयीन प्रेक्षकाला मद्य मिळू नये म्हणून क्लबच्या दारात मारलेली ती खूण. मुलांनी ती उलटवून स्वतःची केली. ज्या चिन्हाने आपल्याला वगळले तेच अंगावर मिरवण्याची ही कृती मराठी वाचकाला नवखी वाटू नये. आमच्या दलित साहित्याने शिवीसारख्या शब्दांचे नेमके हेच केले.

येथे कालक्रमाची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. म्हणजे हार्डकोअर आणि म्युझिक व्हिडिओचा बाजार ही समवयस्क भावंडे आहेत, आणि ती परस्परांशी फारसे बोलत नव्हती. सुइसायडल टेंडन्सीजच्या १९८३च्या एका व्हिडिओसारखे अपवाद सोडले, तर हार्डकोअरला त्या पडद्यावर जागा नव्हती. आणि पुष्कळांना ती नकोही होती. डेड केनेडीजने १९८५ साली एमटीव्हीलाच लक्ष्य करणारे गाणे केले. परिणामी हार्डकोअरची हलती प्रतिमा माहितीपटांनी, हौशी चित्रीकरणाने आणि छायाचित्रकारांनी घडवली. पेनेलोपी स्फीरिस यांच्या ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ (१९८१) या माहितीपटात गाण्यांचे शब्द पडद्यावर अक्षरांत उमटतात. आरोळीतील शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून ते वाचावयास दिले. संहिता आणि उच्चार यांच्यातील फट इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही. पुढे फुगाझी या गटाचे जेम कोहेन यांनी सुमारे दहा वर्षे चित्रण करून ‘इन्स्ट्रुमेंट’ (१९९९) हा चित्रपट केला. तोही व्हिडिओ नव्हे. त्यात वेळ गेलेला दिसतो.

तात्पर्य, आज जिला हार्डकोअरची ‘व्हिडिओ-भाषा’ म्हणतात, ती व्हिडिओला नकार देणाऱ्यांच्या अवशेषांतून तयार झाली. अवशेष सुटे असतात आणि उचलता येतात. २००५ साली नाइकी या बूट कंपनीने आपल्या स्केटबोर्डिंग दौऱ्याच्या भित्तिपत्रकासाठी मायनर थ्रेटच्या १९८१च्या मुखपृष्ठावरील, पायऱ्यांवर मान टेकून बसलेल्या मुंडन केलेल्या मुलाची प्रतिमा जशीच्या तशी उचलली; पायांत मात्र स्वतःचे बूट घातले. आरडाओरड झाल्यावर कंपनीने क्षमा मागितली. परंतु प्रश्न क्षमेचा नाही. ते भित्तिपत्रक कोणा अडाण्याने केलेले नव्हते; हार्डकोअरवर प्रेम असलेल्या, तिचा इतिहास जाणणाऱ्या कोणीतरीच ते केले असणार. प्रतिमेचे अपहरण बहुधा भक्तच करतात.

मराठी वाङ्मयेतिहासात या घटनांना समांतर असे प्रकरण आहे ते लघुअनियतकालिकांचे. १९५० आणि ६०च्या दशकांत ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ या अंकांनी प्रस्थापित मासिकांना वळसा घालून आपले आपण छापण्याचा मार्ग घेतला. सायक्लोस्टाइलची पसरलेली शाई, वेडीवाकडी मांडणी, हाताने काढलेली अक्षरे हे सर्व आधी निरुपायाचे होते आणि मग अर्थाचे झाले. या चळवळीकडे पाहताना आपण एक तपशील सहसा ओलांडून जातो. अरुण कोलटकर हे जाहिरात क्षेत्रातील नावाजलेले कलादिग्दर्शक होते. ज्या हाताने बाजाराची प्रतिमा घडवली, त्याच हाताला बाजाराबाहेरची प्रतिमा कशी असते हे अचूक कळत होते. यात विसंगती शोधण्याची घाई करू नये. व्यवसायातून मिळालेले कौशल्य आणि कवितेतील नकार एकाच माणसात नांदू शकतात. मात्र दोहोंमधील सीमारेषेवर त्याला सतत पहारा द्यावा लागतो.

मुंबईत २००५ साली स्थापन झालेल्या ‘स्क्राइब’ या हार्डकोअर गटाकडे पाहताना हा पहाऱ्याचा मुद्दा पुन्हा समोर येतो. गायक विश्वेश कृष्णमूर्ती हे स्वतः दिग्दर्शक. बास वाजवणारे श्रीनिवास सुंदरराजन यांनी ‘द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट’ (२०१०) हा अत्यल्प खर्चातला चित्रपट केलेला. प्रतिमा कशी योजतात हे या मंडळींना इतरांनी सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्यापुढे सोपा रस्ता होता: कॅलिफोर्नियाचे तळघर मुंबईत उभे करायचे. त्यांनी तो घेतला नाही. २०१०च्या अल्बमचे नाव ‘मार्क ऑफ तेजा’, २०१४च्या अल्बमचे ‘हेल मोगॅम्बो’. एक खलनायक ‘अंदाज अपना अपना’मधला, दुसरा ‘मिस्टर इंडिया’मधला. एका गाण्याचा विषय पावभाजी. आरोळी परकी, पण जिच्यावर आरोळी ठोकायची ती वस्तू घरची, असा हा व्यवहार आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या काटेकोर व्याख्येत तो बसणार नाही, कारण येथील ‘देशी’ म्हणजे परंपरा नसून शनिवारी दूरदर्शनवर पाहिलेला हिंदी चित्रपट आहे. तरीही विनोदाने एक महत्त्वाचे काम केले: अमेरिकन मुलांचे दारिद्र्य आपले असल्याचा आव आणण्यापासून गटाला वाचवले. या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. विनोद खोटेपणा टाळतो. सत्य काय याचे उत्तर त्याच्याकडे असेलच असे नाही.

ते उत्तर ज्यांनी शोधले त्यांचा वंश वेगळा आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट ११ जुलै १९९७च्या रमाबाई नगरमधील गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून सुरू होतो आणि कबीर कला मंचापर्यंत येतो. त्यात गाणी आहेत, गर्दी आहे, हलता कॅमेरा आहे. हार्डकोअरच्या यादीतील बहुतेक सर्व चिन्हे आहेत, परंतु त्यांपैकी एकही कोठून उसने आणलेले नाही. तसेच आरेतील झाडांच्या लढ्याच्या काळात ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ केले, तेव्हा आरेतील पाड्यावर राहणारे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाजच गाण्यात घेतला. पाडा पार्श्वभूमी म्हणून वापरणे आणि पाड्याला गाऊ देणे या दोन निराळ्या नियोजन-पद्धती आहेत. फरक कॅमेऱ्याच्या कोनात नाही. तो कामाच्या कागदावर, कोणाचे नाव कोणत्या रकान्यात येते, येथे आहे.

आता माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे हे ठिकाण इंग्रजांच्या नकाशावर आले. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटारीला बंदी असल्याने वाहने दस्तुरीलाच थांबतात. पुढे तांबड्या मातीचा रस्ता, आणि त्यावरून जे काही वर जाते – सिलिंडर, तांदूळ, फ्रीज, पाहुण्यांच्या बॅगा – ते घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून जाते. व्हिडिओच्या दृष्टीने हे स्थळ ‘हिल स्टेशन’ या हिंदी चित्रपटांतील गीतांच्या प्रतिमेने पुरते व्यापलेले आहे. म्हणूनच हार्डकोअरच्या चाहत्याला तेथे काही उलटे करून दाखवण्याचा मोह व्हावा हे स्वाभाविक आहे. त्याची रेकी कशी होईल याची कल्पना करणे अवघड नाही. पॉइंट आणि धुके तो टाळील. त्याला दिसेल ती हातरिक्षा: पुढे ओढणारा, मागे ढकलणारे, चढ, घाम, ताणलेली शीर. कृष्णधवल, हलता कॅमेरा, जलद संकलन. हार्डकोअरच्या प्रतिमाकोशात ही चौकट इतकी चपखल बसते की तो दुसरीकडे पाहणारही नाही.

अडचण नेमकी येथे आहे. ही हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने ई-रिक्षा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. म्हणजे ज्याचे बंड आहे त्याला बॅटरी हवी आहे, आणि बंडाची प्रतिमा हवी असलेल्याला त्याचा घाम. आणखी एक गोष्ट चौकटीत कधीच येत नाही. ती चौकट टिपणारा कॅमेरा, लाईट, ट्रॉली, जनरेटर हे दस्तुरीहून वर कोणी आणले? हार्डकोअरचा मूळ दंडक, ज्याचा ‘आपले आपण करा’ असा अनुवाद करता येईल, तो माथेरानात पहिल्याच चढावर अडखळतो. वॉशिंग्टनच्या मुलांचे सामान त्यांच्याच गाडीत होते आणि ते त्यांनीच उतरवले. येथे ‘अभावाची शैली’ उभारण्यासाठी दुसऱ्याचे खांदे भाड्याने घ्यावे लागतात. म्युझिक व्हिडिओच्या अंदाजपत्रकात हा खर्च ‘वाहतूक’ या सदरात जातो, ‘कलावंत’ या सदरात नाही.

माथेरानजवळ बंडाचा स्वतःचा इतिहास नाही असे नव्हे. भाई कोतवाल – विठ्ठल लक्ष्मण कोतवाल – यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी येथेच, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२च्या आंदोलनात भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या वाहिन्यांचे मनोरे पाडणे हे दस्त्याचे मुख्य काम. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. हार्डकोअर हे विजेवर चालणारे संगीत. ॲम्प्लिफायर बंद पडला की ते संपते. कोतवालांचे कर्तृत्व मात्र वीज बंद पडण्यात होते, रात्री, रानात, कोणी पाहू नये अशा बेताने. ते यशस्वी होण्यासाठी अदृश्य राहणे भाग होते. त्यामुळे येथे व्हिडिओकाराला उचलायला काहीच सापडत नाही: ना हालचालींची चित्रे, ना भिंतीवरची खूण. पुढे झालेल्या पुतळ्यांत आणि चित्रपटांत कोतवाल उजेडात उभे असलेले दिसतात, कारण त्या माध्यमांना दुसरे काही शक्य नसते. या भागातील एखाद्या गटाने त्यांच्यावर गाणे करायचे ठरवले, तर लाईट किती लावायचे हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असेल, आणि जनरेटर दस्तुरीहून वर न्यायचा की नाही हा दुसरा.